साहेबांच्या मागोमाग फर्दापूरला

एकट्यानं सायकलचा सराव करण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की हा माणूस फार हौशी होता. हौस होती, पण पहिल्या चार मैलांपुरती. हर्सूलचा तुरुंग मागं पडला की मांड्या भरून यायच्या, बोलायला कुणी नसायचं, आणि मन म्हणायचं, अरे गाढवा, घरी जाऊन झोप, कोण बघतंय तुला?

ही गोष्ट आमच्या गावाला औरंगाबाद म्हणत होते तेव्हाची. पोलीस ॲक्शनला तेरा-चौदा वर्षं होऊन गेली होती आणि रस्त्याकडेचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवायला नुकती सुरुवात झाली होती. मी चोवीस वर्षांचा, जिल्हा कचेरीत नक्कलनवीस. निजामाच्या काळातले उर्दू कागद मराठीत उतरवायचे, दिवसभर मान मोडून. राहायला थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं. पुण्यात शंभर मैलांची एक सायकल शर्यत होती आणि तीत उतरायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. सायकल मात्र होती काळी, जड, दुधाचे कॅन वाहायच्या लायकीची.

शर्यतीची म्हणावी अशी सायकल आमच्या माहितीत एकच होती. ती शहागंजात उस्मानचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला टांगलेली असायची, वर चादर. निजामाच्या बांधकाम खात्यातल्या एका इंजिनिअर साहेबांसाठी चाचांनी विलायती सुटे भाग मागवून ती स्वतःच्या हातानं जोडली होती. पोलीस ॲक्शननंतर साहेब मुलीकडं कराचीला निघून गेले. जाताना म्हणाले, उस्मान, ही अमानत, सांभाळ. चाचांनी सांभाळली. दर शुक्रवारी नमाजावरून आले की चादर काढायचे, पुसायचे, चाकं फिरवून बघायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. चालवायची गोष्ट कुणी काढलीच तर हातातला पाना दाखवायचे.

त्या हिवाळ्यात साहेबांच्या मुलीचं पत्र आलं. साहेब वारले होते. सायकल चालवणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकावी, असं ते सांगून गेले होते. चार दिवस चाचा ती सायकल पुसतच बसले. पाचव्या दिवशी मी गेलो तर जालन्याच्या सरकीच्या व्यापाऱ्याचा मुलगा आधीच बसलेला. पोरगा वाईट नव्हता, पण त्या सायकलवरून तो फार तर सिनेमाला गेला असता. मला ती पुण्याला न्यायची होती. मी तसं सांगून टाकलं, जरा तावातावानंच.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "साहेब फर्दापूर जाते थे, मालूम है तेरे कू?"

माहीत होतं. सगळ्या शहागंजला माहीत होतं. साहेब सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेपाचला चाचांच्या दुकानासमोरून निघायचे आणि थेट अजिंठ्याच्या लेण्यांजवळचं फर्दापूर गाठायचे. तिथल्या टपालात चाचांच्या नावानं एक कार्ड टाकायचे. फर्दापूरची सकाळची टपालपिशवी बरोब्बर अकराला बंद व्हायची. कार्ड कुठल्या पिशवीतून गेलं ते कळावं म्हणून तिथले टपालमास्तर शिक्क्याच्या बाजूला शाईनं लिहायचे, सकाळ की दुपार. चाचांकडं अशी सव्वीस कार्डं होती आणि सव्वीसच्या सव्वीस कार्डांवर 'सुबह'.

"तू भी वैसाच कर," चाचा म्हणाले. "तेरी ये भैंस लेके जा. सुबह का कार्ड आया तो सायकल तेरी. नै आया तो जालनेवाला ले जायेगा. अमानत है. ऐसेच किसी कू नै देता मैं."

दोन महिन्यांची मुदत ठरली.

सराव: हर्सूल आणि गंगापूर रस्ता

दोन महिने, आठवड्यातून चार दिवस, कचेरीच्या आधी. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की पायांपेक्षा आधी डोकं थकतंय. सोबतीला कुणी नसलं की माणूस स्वतःशी फार लबाडी करतो. चढ आला की चेन बघायच्या निमित्तानं उतरायचं, विहीर दिसली की तहान लागायची. मग मी खेळ काढले.

हर्सूलच्या पुढं चौक्याचा घाट आहे. तो तोंडात पाण्याची गुळणी धरून चढायचा. पाणी गिळायचं नाही, थुंकायचं नाही, श्वास नाकानं. पहिल्या वळणावर डोळे पांढरे व्हायचे. गंगापूर रस्त्याला उसाच्या बैलगाड्या असायच्या. एका गाडीवाल्याकडून कांडं मागून घ्यायचं आणि ते चावून संपायच्या आत पुढची गाडी गाठायची. एकदा गाठली नाही म्हणून मी चिडून परत मागं गेलो आणि पुन्हा नवं कांडं मागितलं. गाडीवाला म्हणाला, "मालक, ऊसच खायचाय तर बसा की गाडीत, सायकलला कशापायी ताप देता?"

पण खरा खेळ साहेबांचा. साहेबांना मी कधी पाहिलं नव्हतं. चाचांच्या बोलण्यातून कळले तेवढेच: उंच, खाकी हाफ पँट, आणि मागं वळून बघायची सवय नाही. मी त्यांना माझ्यापुढं सोडून द्यायचो. पुढच्या बाभळीशी साहेब आहेत, गाठ. गाठली की ते त्याच्या पुढच्या बाभळीशी. थंडीत, धुक्यात, पोटात चहाचा घोट नसताना मी त्या खाकी पाठीमागं जीव खाऊन पायडल मारायचो. भांडायचोही. साहेब, तुमची सायकल हलकी आहे, माझी उचलून बघा एकदा. साहेब वळायचे नाहीत. फुलंब्रीच्या अलीकडं एक बाई शेतातून माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अवं, हा बाबा कुनाशी बोलतोय?" नवरा म्हणाला, "शिकलेला दिसतोय, जाऊ दे."

दोन महिन्यांत तीन रविवारी मी सिल्लोडपर्यंत जाऊन आलो. त्याच्या पुढं मी आयुष्यात एकदाच गेलो होतो, आणि तेही बसमध्ये झोपून. फर्दापूर नेमकं किती लांब, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कचेरीत चार जणांनी चार आकडे सांगितले. चाचांचं माप एकच: पहाटे साडेपाच ते अकरा.

शुक्रवार, शहागंज ते सिल्लोड

कचेरीत दोन दिवसांची रजा टाकली आणि आदल्या संध्याकाळी सायकलचं ओझं उतरवलं. कॅरिअर काढलं, स्टँड काढला, चेनकव्हर काढलं, मडगार्डं काढली. वजन कमी करायच्या नादात पुढचा ब्रेकही सळ्यांसकट काढून टाकला. चाचांनी ते पहाटे दुकानासमोर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ब्रेक कैकू निकाला रे?"

"मागचा आहे ना, चाचा."

"अजंठे का घाट देखा है कभी?"

बघितला नव्हता, पण आता पुन्हा ब्रेक बसवायला वीस मिनिटं गेली असती. मी निघालो. खिशात कोरं कार्ड, त्यावर चाचांचा पत्ता लिहून तयार. मनगटावर भावजींचं घड्याळ, पंच्यात आक्कानं दिलेल्या चार दशम्या आणि लसणाची चटणी.

सायकल सुरेख चालत होती. चौका गुळणीशिवाय चढलो आणि चोरी केल्यासारखं वाटलं, म्हणून पुढच्या लहान चढाला गुळणी धरली. फुलंब्रीला उजाडलं. दोन्ही बाजूंना शाळू कमरेपर्यंत आलेला, थंडीनं हँडलवरची बोटं बधिर. रस्त्यावर नवे किलोमीटरचे दगड, पांढरेफटक. एकेक मागं पडत होता. सिल्लोडात शिरलो तेव्हा घड्याळात साडेआठ. सरावात इथं यायला मला पावणेनऊच्या आत कधी जमलं नव्हतं.

गाव ओलांडलं आणि पहिल्याच दगडावर दिसलं: फर्दापूर २३.

मी उभा राहून पुन्हा वाचलं. तेवीस. तेवीस किलोमीटरला काय लागतं, फार तर सव्वा तास. हातात अडीच तास होते. इतका आनंद मला बारावीचा निकाल बघूनही झाला नसता, अर्थात तेव्हा बारावी नव्हतीच. मनात म्हटलं, साहेब, आज तुमचं काही खरं नाही.

गोळेगावच्या अलीकडं

पुढं जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. तीन दगड गेल्यावर रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल लागलं, म्हणजे चार बांबू आणि वर पाचट. तिथं मी बसलो. दशम्या सोडल्या. हॉटेलवाल्यानं न मागता कांदा फोडून दिला आणि गरम भजी समोर ठेवली. आमच्या शहरात हॉटेलात शिरलं की पहिल्यांदा विचारतात, काय पाहिजे. इथं पहिल्यांदा पाणी, मग कुणाचे कोण, मग कुठल्या गावचे, आणि पोट भरल्यावर विचारणार की काय पाहिजे. मी सगळं सांगितलं. पुण्याची शर्यत सांगितली, साहेब सांगितले, आणि साहेबांपेक्षा तासभर आधी पोचणार हेही सांगून मोकळा झालो. दोन माणसं बैलगाडी थांबवून ऐकायला उभी राहिली. मी तिसरा चहा मागवला.

तिथून उठलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

निघालो तर पुढचा दगड येईना. आधी वाटलं, भजी अंगावर आली. मग वाटलं, वारा समोरचा आहे. जोर लावला. दगड आला, एकोणीस. पुढच्याला पुन्हा तेवढाच वेळ. घड्याळ बघितलं आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मिनिटं मोजली. पाच गेली. सकाळी फुलंब्रीपर्यंत तीन मिनिटांत दगड येत होता. माझ्यात काहीतरी बिघडलं असणार. मी अंगातला होता नव्हता तेवढा जोर काढला, तोंडाला कोरड पडली, आणि तरीही पाच मिनिटं.

रस्त्याच्या कडेला एक माणूस चुन्याची बादली घेऊन दगडाला रंग देत होता. रस्त्याच्या कामावरचा मजूर, डोक्याला लाल पटका. मी ओरडून विचारलं, "बाबा, फर्दापूर किती?"

"ह्यो काय लिवलाय की. तेरा."

"तेरा किलोमीटर?"

तो उठून उभा राहिला. "किलोमीटर कुठलं? नवं दगड सिल्लोडापर्यंतच आल्यात. तिथून म्होरं जुनंच मैलाचं. म्या निस्तं चुना मारून मराठी आकडा काढतोय. खाली बघा, उर्दू दिसंल."

मी वाकून बघितलं. ओल्या चुन्याखाली जुना उर्दू तेरा खोदलेला होता. रोज उर्दू आकडे वाचून पोट भरणारा मी, आणि वरचा ताजा चुना बघून फसलो होतो. तेरा मैल म्हणजे एकवीस किलोमीटर. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

मला त्या तीन चहांची, त्या बढायांची अशी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या माणसानं ते बघितलं असावं. तो म्हणाला, "पानी पाहिजे का?" मी नको म्हटलं आणि सायकलवर टांग टाकली.

अजिंठ्याचा घाट

त्या तासाबद्दल मला नीट सांगता येत नाही. अजिंठा गाव कुठं आलं आणि कुठं गेलं कळलं नाही. वेशीपाशी आठवडी बाजाराला निघालेल्या बायका होत्या, त्यांच्यातून घंटी वाजवत गेलो आणि मागून शिव्या आल्या. साहेबांना मी पुढं सोडायची गरज नव्हती, ते केव्हाच पुढं निघून गेले होते. त्यांची पाठ मला दर वळणावर दिसत होती आणि दर वळणावर ती तेवढीच लांब. मी बोलत नव्हतो. फक्त सायकल डोळ्यांसमोर येत होती, चादरीखालची, आणि जालन्याचा तो पोरगा तिच्यावर बसून सिनेमाला निघालेला.

घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा अकराला बारा मिनिटं कमी होती. खाली फर्दापूरची घरं दिसत होती. जमेल असं वाटलं. सायकल सोडून दिली.

पहिल्या वळणाला मागचा ब्रेक दाबला आणि तो लागला. दुसऱ्याला दाबला तर रबराचा जळका वास आला. तिसऱ्याला ब्रेकची पट्टी पार हँडलला टेकली आणि सायकल हळू होईचना. डाव्या हाताला दरी. चाचांचा उतरलेला चेहरा आठवला. मी उजवा पाय मागं नेऊन चप्पल टायरवर दाबून धरली. चपलेतून धूर निघाला, तळवा भाजायला लागला, पण वेग थोडा तुटला. चौथं वळण तसंच काढलं. पाचव्याला समोरून मोटार आली, लेणी बघायला आलेल्या गोऱ्या लोकांची. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं, आणि मी सायकल डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात घातली.

गोरे लोक खाली उतरले. एका बाईनं माझ्या कोपराला रुमाल बांधला. जिवावरचं कोपरावर निभावलं होतं. गुडघा सोलला होता, पुढचं चाक वाकलं होतं, हँडल फिरलं होतं. मी हँडल पायात धरून सरळ केलं. चाक फिरेना, म्हणून सायकल खांद्यावर घेतली आणि उरलेला घाट पळत उतरलो. ती भैंस तेव्हा किती जड होती ते माझ्या खांद्याला विचारावं.

फर्दापूर

टपाल कचेरी म्हणजे शाळेच्या ओसरीवरची एक खोली. शाळामास्तर आणि टपालमास्तर एकच, साठीचे, टोपी घातलेले. मी दारात सायकल टाकली आणि कार्ड पुढं केलं. बोलता येत नव्हतं.

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. टेबलावर पिशवीचं तोंड बांधलेलं आणि गाठीवर लाखेचं सील, अजून चकाकत होतं.

"पिशवी बंद झाली की, पाव्हणं."

मी ओसरीवर बसलो. मास्तरांनी आधी तांब्याभर पाणी दिलं, मग कार्डावरचा पत्ता वाचला आणि चष्मा वर केला. "उस्मान? सायकलवाला उस्मान? शहागंजचा?"

मी मान हलवली आणि तुटक तुटक सगळं सांगितलं. साहेब वारल्याचं ऐकून मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठून म्हणाले, "टपालाची मोटार अजून यायची हाय. काय होतंय बारा मिन्टानं. द्या हिकडं." त्यांनी कार्डावर शिक्का मारला, दौतीत टाक बुडवला आणि दुसऱ्या हातानं पिशवीच्या गाठीला हात घातला.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. पुण्याचा रस्ता दिसला.

"काळजी करू नका," मास्तर गाठ चाचपत म्हणाले. "तुमच्या साहेबापायी हे सील म्या लई वेळा फोडलंय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय, ते एकदाबी अकराच्या आत आले नाईत. साडेअकरा, पावणेबारा. एकदा तर मोटार सुरू झाल्यावर आले, म्या मोटारीम्होरं हुबा राहिलो. सुबह लिवायचो न् पिशवीत टाकायचो."

दोन महिने मी ज्या पाठीमागं ऊर फुटेस्तोवर धावत होतो, ती पाठ माझ्या पुढं कधी नव्हतीच. माझ्या तळव्याचा जळका वास मला येत होता. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही. मास्तरांचा हात मी धरला.

"दुपार लिहा."

"अहो, सायकल जाईल तुमची."

"जाऊ दे. जी वेळ आहे तीच लिहा. मी त्यांच्यासारखा नाही."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मग टाक कार्डाला लावला आणि सुबक अक्षरात 'दुपार' लिहिलं.

रात्री त्यांनी मला त्यांच्याकडंच ठेवून घेतलं. त्यांच्या घरी बाजरीची भाकरी, पिठलं आणि ओल्या मिरचीचा ठेचा होता. आमच्याकडं पाहुण्याला गोड करतात, तिथं वाटी भरून तूप पुढं ठेवलं आणि ते संपवल्याशिवाय उठू दिलं नाही. चाक गावच्या लोहाराकडून ठोकून आणलं. मी जेवलो, आभार मानले, पण रागातच होतो. मास्तरांना ते कळलं असणार. ते म्हणाले, "साहेबाचा राग करू नका. म्या इचारलं होतं त्यास्नी, कशापायी हे? तर म्हनाले, मास्तर, ही सायकल उस्माननं जोडलीय. गावभर सांगत फिरतो, माझी सायकल अकराच्या आत फर्दापूर गाठती म्हनून. त्याचं नाक खाली जाया नको." त्या वेळी मला ते लंगडं कारण वाटलं.

शनिवार, परत

परतीचा रस्ता मी फक्त एका वाक्यावर काढला. घाट पायी चढलो. मैलांचे दगड संपले, किलोमीटरचे सुरू झाले, आणि मी ते वाक्य घासत होतो. चाचा, तुमचे साहेब एकदाही अकराच्या आत पोचले नाहीत. कधी वाटायचं असं सांगावं, कधी वाटायचं आधी मास्तरांचं नाव घ्यावं. पुढं पाठ नव्हती, रस्ता नुसता रस्ता होता, आणि सिल्लोड ते फुलंब्री मला जन्मात कधी आला नाही इतका कंटाळा आला. पण वाक्य पक्कं होतं. सायकल मिळाली नाही तरी चालेल, खोट्यापुढं मी हरणार नव्हतो.

शहागंजात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कार्ड माझ्याआधी पोचलं होतं. चाचा स्टुलावर बसले होते, मांडीवर ते कार्ड. सायकलवरची चादर काढलेली होती. तिला तेल दिलं होतं, टायरमध्ये हवा भरली होती, सीट माझ्या मापाला खाली घेतलं होतं. ते त्यांनी सकाळीच केलं असणार, टपाल यायच्या आधी.

"कितने मिनट?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"बारा मिनट." ते माझ्या गुडघ्याकडं, कोपरावरच्या रुमालाकडं बघत राहिले. ब्रेकचं काही बोलले नाहीत. मग मागं वळून त्यांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला आणि साहेबांची कार्डं माझ्यापुढं मांडायला लागले, एकेक, तेलकट बोटं न लागतील अशी कडेला धरून. "ये देख, बारिश का है. चौके में घुटना घुटना चिखल था. फिर भी सुबह. ये देख, बुखार में गये थे. मैं बोला नक्को जाओ. फिर भी सुबह." "मैं गरीब मिस्त्री. मेरे हाथ की सायकल और वो भी विलायती के बराबर. ये कार्ड नै रहते तो कौन मानता मेरे कू?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी "चाचा" म्हणालोसुद्धा.

"क्या?"

सव्वीस कार्डं समोर पसरलेली होती. मास्तरांचं अक्षर मी आता ओळखत होतो.

"मास्तरांनी तुम्हाला सलाम सांगितलाय," मी म्हणालो. "म्हणाले, साहेबांसारखा सायकलवाला त्या रस्त्याला पुन्हा आला नाही. आणि उस्मानसारखी सायकल कुणी जोडली नाही."

चाचांनी तोंड फिरवलं. "वो तो हैच," ते भिंतीकडं बघून म्हणाले.

रविवारी जालन्याचा पोरगा आला. सायकल बसच्या टपावर चढवायची होती आणि चाचांना शिडी चढवत नव्हती, म्हणून मी चढलो. हँडलला पोतं गुंडाळलं, दोर दोनदा फिरवून गाठ मारली. बस गेली. चाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, त्याच खांद्यावर, ज्यावरून भैंस उतरली होती, पण मी दुखतंय म्हणालो नाही.

"बुरा नक्को मान," ते म्हणाले. "तेरा दिल साफ है. दोपहर का कार्ड लेके सच्चा आया. साहेब रहते तो तेरे कू गले लगाते. झूट की बहोत चिढ थी उनकू."

मी म्हणालो, "हौ, चाचा."